‘फॅब’ : एका सजावटीच्या दुकानाचा उदयास्त



घर बांधणें ही एक गोष्ट आणि घर लावणें ही दुसरी. पहिलीला गवंडी लागतो व पैसा लागतो. दुसरीला दृष्टि लागते. दिवाणखान्यांत कोणता दिवा शोभेल, भिंतीवर चित्र लावावें कीं भिंत मोकळीच ठेवावी, या प्रश्नांवरून सुशिक्षित कुटुंबांतूनही केवढे वाद माजतात हें आपण जाणतांच. ही दृष्टि विकत मिळेल काय, आणि मिळाल्यास ती घाऊक प्रमाणावर विकतां येईल काय? अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं २०११ सालीं दोन गृहस्थांनीं या प्रश्नावर मोठा डाव लावला. त्या डावाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

जेसन गोल्डबर्ग व ब्रॅडफर्ड शेलहॅमर हे ते दोघे. पहिला उद्योगी, धाडसी, भांडवलवाल्यांच्या दरबारीं वावरलेला. दुसरा रंगांचा आणि आकारांचा वेडा. दोघांनीं २०१० सालीं ‘फॅब्युलिस’ नांवाचें एक संकेतस्थळ काढलें होतें. समलिंगी पुरुषांना परस्परांशीं ओळखी करून घेतां याव्यात, हा त्याचा हेतु. तें नीटसें चाललें नाहीं. तेव्हां उरलेलें भांडवल तसेंच जाळीत न बसतां त्यांनीं स्वतःला विचारलें कीं, इतरांहून सरस असें आपणांस काय येतें? शेलहॅमरला सुंदर वस्तु ओळखतां येत होती. झालें, जुनें काम बंद करून जून २०११ मध्यें त्यांनीं ‘फॅब’ हें घरसजावटीच्या व कलापूर्ण वस्तूंचें दुकान आंतरजालावर उघडलें.

दुकान म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें फळ्या, कपाटें, वजनकांटा, गल्ल्यावर बसलेला मालक असें चित्र येतें. येथें यांतलें कांहींच नव्हतें. रोज कांहीं निवडक वस्तू मांडावयाच्या, त्या थोडेच दिवस सवलतीच्या भावानें विकावयाच्या, आणि मुदत संपली कीं पडदा पाडावयाचा, अशी ती रीति. माल दुकानदाराजवळ नसेच. ग्राहकांनीं पैसे भरावे, त्या मागण्या एकत्र करून कारागिराकडे किंवा निर्मात्याकडे पाठवाव्या, आणि त्यानें माल रवाना करावा. यांत दुकानदाराचा पैसा मालांत अडकत नाहीं, वखारीचें भाडें नाहीं, न खपलेल्या मालाची धास्ती नाहीं. दोष एवढाच कीं, वस्तु घरीं येण्यास दोन आठवड्यांहूनही अधिक काळ लागे. पण मुदत संपण्यापूर्वीं घेतलेंच पाहिजे ही घाई, आणि आज काय नवें निघालें आहे हें कुतूहल, या दोन गोष्टींपुढें ग्राहक तो विलंब सोशीत असत. ज्या लहान डिझाईनरांना मोठ्या दुकानांत कोणी उभें करीत नसे, त्यांच्या वस्तू एका दिवसांत हजारों घरांपुढें जाऊं लागल्या. माझ्या मतें फॅबचें खरें पुण्य हेंच.

पांच-सहा महिन्यांत सभासद दहा लक्षांवर गेले. २०१२ च्या अखेरीस ते एक कोटीहून अधिक झाले. भांडवलवाले धांवत आले. डिसेंबर २०११ मध्यें चार कोटि डॉलर, जुलै २०१२ मध्यें साडेदहा कोटि, आणि जून २०१३ मध्यें आणखी पंधरा कोटि डॉलर. त्या शेवटच्या वेळीं संस्थेची किंमत शंभर कोटि डॉलर ठरविण्यांत आली. दोन वर्षांच्या बाळाला एवढा मोठा पोषाख!

या कथेंत आपल्या पुण्याचाही वांटा आहे, आणि तो पुणेकरांनाही बहुधा ठाऊक नसावा. दुकानाची दर्शनी बाजू न्यूयॉर्कांत सजत होती. पण तिच्यामागचें संगणकीय यंत्र घडविणारे बरेचसे कुशल तंत्रज्ञ पुण्यांत बसलेले होते. ‘ट्रू स्पॅरो सिस्टिम्स’ ही ती पुणेरी पेढी. पुढें फॅबनें तिला आपल्यांतच सामील करून घेतलें. मॅनहॅटनमधील एखाद्या गृहिणीनें रात्रीं बैठकीच्या खोलीसाठीं दिवा मागवावा आणि त्या मागणीचा हिशेब पुण्यांत लिहिलेल्या आज्ञावलीनें करावा, असा हा व्यवहार होता.

मग दिग्विजयाची हौस सुरू झाली. जर्मनींतील सामवेर बंधूंनीं ‘बामारांग’ नांवाचें, फॅबची हुबेहूब नक्कल वाटावी असें दुकान काढलें. गोल्डबर्गला संताप आला. त्यानें नक्कलखोरांविरुद्ध जाहीर पत्रक काढलें, आणि युरोप आपल्या हातून जाऊं नये म्हणून २०१२ सालीं बर्लिनची ‘कासाकांडा’ व लंडनची ‘लस्टर’ या दोन संस्था विकत घेतल्या. नक्कल करणारें तें दुकान फार दिवस टिकलें नाहीं. पण त्याला हटविण्यासाठीं समुद्रापलीकडे थाटलेला संसार मात्र फॅबच्या गळ्यांत राहिला. शत्रूनें स्वतः मरून असा सूड उगवल्याचीं उदाहरणें व्यापारांत विरळा.

इकडे घरांतही बदल चालले होते. विलंबाबद्दल तक्रारी येत म्हणून माल आधीं विकत घेऊन वखारींत भरण्यास सुरुवात झाली. पूर्वीं थोडक्या वस्तू असत व प्रत्येकीवर शेलहॅमरची नजर फिरलेली असे. आतां वस्तूंची संख्या हजारोंनीं वाढली. एका माणसाची नजर हजारों वस्तूंवरून कशी फिरणार? कोठेंही मिळतील अशा वस्तू फॅबवरही दिसूं लागल्या, आणि तशाच वस्तू ॲमेझॉनसारखा बलाढ्य दुकानदार स्वस्तांत व दोन दिवसांत घरपोंच देत होता. शिवाय घरसजावटीचा धंदा किराणा मालासारखा नाहीं. साखर दरमहा संपते. खुर्ची दहा वर्षें टिकते, आणि टिकली नाहीं तर ग्राहक परत येत नाहीं. जाहिरातींवर अमाप पैसा ओतून जे सभासद गोळा केले, त्यांतील पुष्कळांनीं एकदां कांहीं घेतलें असेल नसेल, पुन्हां तोंड दाखविलें नाहीं. सभासद मोजणें सोपें असतें. गिऱ्हाईक मोजणें कठीण.

२०१३ च्या उन्हाळ्यांत बर्लिनच्या कचेरींतील माणसें कमी करण्यांत आलीं. ऑक्टोबरांत न्यूयॉर्कमध्यें सुमारें शंभर जणांना निरोप मिळाला. शंभर कोटींची किंमत ठरून अवघे चार महिने झाले होते! त्याच सुमारास गोल्डबर्गनें आपल्या सहकाऱ्यांना लिहिलें कीं, दोन वर्षांत वीस कोटि डॉलर खर्चूनही ग्राहकाला नेमकें काय हवें हें आपण सिद्ध करूं शकलों नाहीं. हा प्रांजळपणा मला आदरणीय वाटतो. पण ज्यांच्या हातीं त्या आठवड्यांत नोकरी संपल्याचा कागद पडला, त्यांना त्याचा कितपत उपयोग झाला असेल? नोव्हेंबरांत शेलहॅमरनेंही संस्था सोडली. ज्याच्या दृष्टीवर दुकान उभें राहिलें, तोच निघून गेला. मार्च २०१५ मध्यें ‘पीसीएच’ या आयरिश कंपनीनें फॅब विकत घेतलें. किंमत दीड कोटि डॉलरच्या आसपास, असें तेव्हां वृत्तपत्रांतून आलें. गुंतवलेलें भांडवल तीस कोटींहून अधिक होतें.

यावरून आंतरजालावर फर्निचर विकतांच येत नाहीं असें कोणी समजूं नये. नीरज शहा व स्टीव्ह कोनाईन या दोन सहाध्यायांनीं २००२ सालीं बॉस्टनमध्यें दूरचित्रवाणी संच ठेवण्याच्या घडवंच्या विकण्यापासून आरंभ केला; एकेका जातीच्या वस्तूला एकेक दुकान, अशीं दोनशेंहून अधिक लहान लहान संकेतस्थळें चालविलीं, आणि २०११ सालीं तीं सर्व ‘वेफेअर’ या एका नांवाखालीं आणलीं. बाहेरचें मोठें भांडवल त्यांनीं घेतलें तें नऊ वर्षें स्वतःच्या पायांवर चालल्यानंतर. त्यांनाही पुढें तोटे सोसावे लागले. परंतु दुकान उभें राहिलें.

फॅबच्या पसाऱ्यांतून एक लहानसा अंकुर मात्र वांचला. २०१४ सालीं गोल्डबर्गनें उत्तर युरोपांतील ‘वन नॉर्डिक’ ही फर्निचरची संस्था घेऊन ‘हेम’ या नांवाचें नवें दुकान काढलें होतें. आपल्याकडे हेम म्हणजे सोनें. स्वीडिश भाषेंत हेम म्हणजे घर. येथें दुसऱ्याची निवडक वस्तु विकावयाची नसून स्वतः डिझाईन करवून, स्वतः बनवून घेऊन विकावयाची होती. २०१६ सालीं प्रसिद्ध स्विस कंपनी ‘विट्रा’ हिनें तें घेतलें, आणि तिच्याकडून पेट्रस पालमेर या स्वीडिश डिझाईनरनें तें सोडवून स्टॉकहोमला नेलें. तेथें वस्तू थोड्याच असत. मात्र प्रत्येकीखालीं ती घडविणाऱ्या डिझाईनरचें नांव असे.