प्रौढांचे विद्यार्जन आणि प्रपंच

(देवालयाच्या महाजन मंडळाच्या उत्सवप्रसंगी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यारंभ बालवयात करावा असा आपला कुलाचार आहे. पाटीवर श्रीकार गिरविणारे मूल पाहून वडीलधाऱ्यांचे डोळे निवतात. परंतु त्याच मुलाचा चाळिशी गाठलेला बाप पाटी-पुस्तक घेऊन बसला, तर घर संकोचते आणि शेजार हसतो. हा संकोच रास्त आहे काय, आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

गोमंतकाने हा प्रसंग एकदा मोठ्या प्रमाणावर अनुभविला आहे. पणजीचे लिसेंव 1854 साली स्थापन झाले, आणि सरकारी कचेरीची वाट पोर्तुगीज भाषेतून जात असे. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला व कचेऱ्यांचा व्यवहार हळूहळू इंग्रजीत गेला. ज्याच्या पोर्तुगीज मसुद्यात स्वल्पविरामाचीही चूक निघत नसे, अशा तिशी-चाळिशीतल्या कारकुनाला पुन्हा प्राथमिक धड्यांपासून आरंभ करावा लागला. टंकयंत्रदेखील परके झाले. पोर्तुगीज सरकारने 1937 मध्ये ठरविलेली अक्षरांची मांडणी इंग्रजी यंत्राहून निराळी होती. तीवर हात बसलेल्यांची बोटे नव्या यंत्रावर अडखळत. मुलगा शाळेचा जो धडा घोकी, तोच धडा रात्री बाप घोकी. त्या पिढीस कोणी हसले नाही, कारण शिकणे सर्वांनाच भाग होते. नोकरी टिकली आणि घरे सावरली.

आज पेडणे महालातील प्रौढ माणूस पुन्हा तशाच उंबरठ्यावर उभा आहे. हरमलचा चरितार्थ पूर्वी शेती, माड आणि रापण यांवर चाले. पुढे पर्यटन आले. आता मोपा येथील विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली आहेत. कामे आली, पण त्यांच्या दारावर दाखला मागितला जातो. वीस वर्षे दुसऱ्याच्या खानावळीत हुमण रांधणारी बाई घ्या, किंवा वडिलांच्या हाताखाली विजेचे काम शिकलेला गडी घ्या. त्यांचा हात कसलेला आहे, हे गाव जाणते. परंतु दहावीची पायरी चुकल्यामुळे त्यांचा अर्ज पुष्कळदा वाचलाच जात नाही. काल शिकून आलेला परका तरुण त्यांच्यावर मुकादम होतो, आणि मुलांच्या फीची वेळ आली की माडाखालची जमीन विकण्याचा विचार घरात शिरतो. संकोचाची किंमत ती हीच.

प्रौढांस उपजीविकेसाठी शिकविण्याचा उपक्रम आपल्या भाषाबांधवांस नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1855 साली पुण्यास आपल्या घरी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली 1909 साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. तेथे विवाहित व विधवा स्त्रिया मोठ्या वयात अक्षरे शिकल्या आणि पुढे शिक्षिका व परिचारिका होऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. नारायण मल्हार जोशी यांनी 1911 साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या कामगारांसाठी रात्रशाळा चालविल्या. त्याच मुंबईत 1967 साली देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. त्या योजनेतील संस्थांना 2000 सालापासून जन शिक्षण संस्थान म्हणतात, आणि अशी संस्था गोव्यातही आहे. निरक्षर, नवसाक्षर व शाळा अर्धवट सोडलेल्यांना तेथे धंद्याचे शिक्षण मिळते. या साऱ्या उद्योगांत एक सूत्र समान आढळते: विद्यार्थ्याला शाळेच्या वेळेत ओढण्याऐवजी शाळा त्याच्या सवडीच्या वेळी भरविली, आणि जे शिकविले ते त्याच्या कामास उपयोगी पडले.

आजची साधने तर अधिक सोयीची आहेत. 1989 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, म्हणजे आताच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, दहावीच्या परीक्षेस वरची वयोमर्यादा नाही. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षे चालतो आणि एकेक विषय सवडीने सोडविता येतो. ज्याला काम येते पण दाखला नाही, त्याच्यासाठी 2015 पासून केंद्र सरकारच्या कौशल्य विकास योजनेत पूर्वज्ञानाच्या मान्यतेची तरतूद झाली. तीत आधीच अंगी असलेले कसब तपासून प्रमाणपत्र दिले जाते. पेडण्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. अर्थात, पैसे घेऊन निरुपयोगी कागद देणारेही भेटतात. म्हणून फी भरण्यापूर्वी त्या प्रमाणपत्रास कोणाची मान्यता आहे आणि कामावर घेणारा ते ग्राह्य धरतो काय, या दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. दाखल्याने नोकरी हमखास मिळते असेही नव्हे. परंतु अर्ज वाचला जाण्याइतके दार त्याने उघडते.

मग हरमलसारख्या गावी अडते कोठे? अडते ते वेळेपाशी, जागेपाशी आणि लाजेपाशी. वेळेचा विचार करता पावसाळा अनुकूल ठरतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि किनाऱ्यावरील झोपड्याही उतरविलेल्या असतात. शेतकऱ्यास तेव्हा लावणीची घाई असली, तरी दिवेलागणीनंतरचे दोन तास त्यालाही काढता येतात. मुक्त विद्यालयाची एक परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. नावनोंदणी काही महिने आधी केली, तर पावसाळ्यातील अभ्यास थेट परीक्षेच्या कामी येतो.

जागा आणि लाज या दोन्हींवरचा उपाय मात्र महाजनांच्या हाती आहे. देवालयाची अग्रशाळा उत्सवाचे दिवस सोडले तर बहुधा रिकामी असते. तेथे आठवड्यातून चार संध्याकाळी दिवा लावावा. गावात सेवानिवृत्त शिक्षकांची वाण नाही; त्यांना सन्मानाने बोलवावे. ज्यास परीक्षेची फी जड जाते, त्यास ती बिनव्याजी उसनी द्यावी आणि त्याचा हिशेब देवालयाच्या इतर हिशेबांइतक्याच चोखपणे ठेवावा. स्त्रियांना यावयास सोपे जावे म्हणून त्यांच्या मुलांनाही त्याच ओसरीवर अभ्यासास बसू द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, महाजन घराण्यांतील ज्यांचे शिक्षण अर्धवट राहिले आहे, त्यांनी पहिल्या दिवशी पहिल्या ओळीत बसावे. देवाच्या दारी मानकरीच पाटी घेऊन बसलेला दिसला, तर रापणकार आणि मोलकरीण यांना आत येण्यास कोणाच्या परवानगीची गरज वाटणार नाही.

ग्रामदेवतेच्या चरणी आपण नव्या भाताची लोंबी वाहतो. पुढील उत्सवात त्याच चरणी एखाद्या पन्नाशीच्या बाईने आपली गुणपत्रिका ठेवावी आणि पुजाऱ्याने तिला प्रसाद द्यावा, एवढी सुबुद्धी व बळ श्रीदेव या मंडळास देवो, ही प्रार्थना.