मोटारींतील थंडावा कोठें गेला ?



चैत्र-वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांतून एक वाक्य वारंवार कानीं पडूं लागतें. तें म्हणजे, "साहेब, गाडींतला गॅस संपला आहे." मालक मान डोलावतो, नवा गॅस भरून घेतो, पैसे मोजतो आणि गारव्यांत हिंडूं लागतो, पुढील उन्हाळ्यांत, क्वचित् त्याच उन्हाळ्यांत, तेंच वाक्य त्याला पुन्हां ऐकावें लागतें. पेट्रोल संपतें, दौतींतील शाई संपते, डब्यांतील साखर संपते, हें खरें. परंतु थंडाव्याच्या यंत्रांतील गॅस या अर्थानें संपणारी वस्तूच नव्हे. तो जळत नाहीं कीं झिजत नाहीं. बंद नळ्यांमधून तोच तो पुन्हां पुन्हां फिरत असतो. तो कमी झाला असेल तर कोठून तरी बाहेर गेलेला असला पाहिजे, आणि बाहेर गेला नसेल तर दोष अन्यत्र आहे. असे अन्यत्र असलेले दोष पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकीं बरेचसे ओळखावयास घरांतील कोणाहि समंजस माणसाला अर्धा तास पुरे होतो.

यंत्राचें काम समजण्यासाठीं पदार्थविज्ञानाची पदवी नको. तापकऱ्याच्या कपाळावर कोलनवॉटरची पट्टी ठेवली म्हणजे कपाळ गार होतें, कारण द्रवाची वाफ होतांना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. मोटारींत हेंच घडतें. फरक इतकाच कीं पट्टीवरून उडालेलें कोलनवॉटर गेलें तें गेलें, आणि येथें उडालेला द्रव परत धरून आणतात. आपल्याकडील पुष्कळशा गाड्यांत आर-१३४ए नांवाचा गॅस असतो. साध्या हवेच्या दाबाखालीं तो शून्याच्या खालीं २६ अंश सेल्सिअसवरच उकळूं लागतो. डॅशबोर्डच्या मागें एक जाळीदार पेटी असते, तिला इव्हॅपोरेटर म्हणतात. तेथें तो उकळतो आणि पंख्यानें पेटीवरून ढकललेली हवा गार होते. नंतर इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, आणि गाडीच्या अगदीं पुढें, रेडिएटरच्याहि पुढें बसविलेल्या कंडेन्सरमध्यें ती आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देऊन पुन्हां द्रवरूप होते. म्हणजे हें यंत्र थंडी उत्पन्न करीत नाहीं. आंतली उष्णता उचलून बाहेर टाकतें. उचलणें अडलें आहे कीं टाकणें, हा तपासाचा मुख्य धागा समजावा.

सध्यां ही सोय लहान गाडींतहि असते, म्हणून तिचा आरंभ किती अडचणीचा होता हें आपण विसरतों. १९३९ सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें कारखान्यांतच थंडावा बसविलेली मोटार पुढें आणिली. तिच्या कॉम्प्रेसरला चालूबंद करण्याची युक्तिच नव्हती. गारवा नको झाला तर इंजिन थांबवावें, बॉनेट उघडावें आणि पट्टा उतरवून ठेवावा ! आज तेंच काम एक बटण करतें, आणि म्हणूनच तपासाचा आरंभ बटणापासून करावयाचा.

पहिला प्रश्न हा कीं, हवा कमी येते कीं भरपूर येऊनहि गरम येते ? हे दोन रोग निराळे आहेत, आणि कारखान्यांत तक्रार सांगतांना "ए.सी. चालत नाहीं" एवढेंच सांगणाऱ्यास दोहोंचें औषध एकच मिळण्याचा संभव असतो. हवाच कमी असेल तर गॅसचें नांवहि काढूं नये. पुष्कळ गाड्यांत डाव्या बाजूच्या खणामागें हवेचा फिल्टर असतो. तो सरकवून काढतां येतो, आणि वर्ष-दोन वर्षें ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांना पिंपळाचीं वाळलीं पानें व धुळीची गोधडी पाहावयास मिळेल. पंखा फक्त शेवटच्या, सर्वांत जोराच्या गतीवर चालत असेल आणि खालच्या गतींवर मुका असेल, तर त्याची गति कमी करणारा लहानसा रोधक जळलेला असतो; जुन्या धर्तीच्या बटणांच्या गाड्यांत हा दोष फार आढळतो. तासभर प्रवास झाल्यावर हवा हळूहळू मंदावते आणि यंत्र थोडा वेळ बंद ठेवतांच पूर्ववत् होते, असें असेल तर इव्हॅपोरेटरवर बर्फ जमत आहे असें जाणावें.

आतां हवा भरपूर पण गरम, या दुसऱ्या प्रकाराकडे वळूं. येथें घाई करूं नये. गाडी मोकळ्या जागेंत उभी करावी. बंद गॅरेजमध्यें इंजिन चालूं ठेवून हा तपास कदापि करूं नये. इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि माणसाला कळण्यापूर्वींच तो त्याची शुद्ध हरपवितो. याच कारणास्तव उभ्या गाडींत कांचा बंद करून, इंजिन व थंडावा चालूं ठेवून झोंप घेण्याची संवय जिवावर बेतूं शकते. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून हातब्रेक ओढावा, एकानें आंत बसावें, दुसऱ्यानें उघडलेल्या बॉनेटपाशीं उभें राहावें. सदऱ्याची बाही, साडीचा पदर, ओढणी, गळ्यांतील साखळी हीं सारीं पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर असावीं. विजेच्या मोटारींत मात्र बॉनेटखालीं हात घालूंच नये. तेथें कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि नारिंगी वेष्टनाच्या तारा ही त्याची खूण होय.

आंतल्या माणसानें थंडाव्याचें बटण दाबतांच पुष्कळ गाड्यांत कॉम्प्रेसरपाशीं 'टक्' असा आवाज होतो आणि पुढील चकती फिरूं लागते. (कांहीं नव्या गाड्यांत ही चकतीची कळच नसते, तेथें हा आवाज ऐकूं आला नाहीं म्हणून घाबरूं नये.) चकती फिरली नाहीं, तर आधीं फ्यूज पाहावा. नंतर रिले पाहावा. गाडीच्या पुस्तकांत हॉर्नचा व कॉम्प्रेसरचा रिले एकाच जातीचा असल्याचें लिहिलें असेल, तर इंजिन बंद करून दोहोंची अदलाबदल करावी. यंत्र चालूं लागलें आणि हॉर्न मुका झाला, तर चोर सांपडला. इंजिन फाजील तापलें असतांहि पुष्कळ गाड्या स्वतः होऊन कॉम्प्रेसर बंद ठेवतात, म्हणून उष्णतेच्या कांट्याकडे नजर टाकावी. गॅस फार कमी झाला असेल तरीहि दाबाची कळ कॉम्प्रेसरला चालूं देत नाहीं. पण हें कारण आरंभीं धरावयाचें नाहीं, हीं साधीं कारणें संपल्यावर धरावयाचें आहे.

कॉम्प्रेसर चालत आहे, तरी गारवा नाहीं. आतां गाडीच्या नाकाकडे यावें. माझ्या मतें आपल्या शहरांतील निम्म्याहून अधिक तक्रारींचें मूळ येथें दोन हातांवर असतें. प्रवासांत चांगला गारवा आणि सिग्नलला गाडी थांबली कीं गरम हवा, असें होत असेल तर कंडेन्सरला वारा मिळत नाहीं हा पहिला संशय. धांवत्या गाडीला रस्त्याचा वारा मिळतो, उभ्या गाडीला केवळ पंख्याचा आधार असतो. थंडावा चालूं केल्यावर थोड्याच वेळांत तो पंखा फिरूं लागला पाहिजे. पंखा ठीक असेल तर जाळींतून डोकावून पाहावें. मेलेलीं पांखरें, पिशव्यांचे तुकडे, रस्त्याच्या बांधकामाची धूळ यांनीं कंडेन्सर लिंपून गेलेला असतो. इंजिन थंड झाल्यावर बागेंतल्या नळीनें, हलक्या धारेनें तो धुवावा. गाड्या धुण्याच्या दुकानांतील जोरदार फवारा त्यावर धरूं नये. त्याच्या पातळ पत्र्या वांकल्या म्हणजे वारा जाण्याची वाटच बुजते.

याच ठिकाणीं हवामानाविषयीं बोललें पाहिजे. नागपुरास मे महिन्यांत ४४ अंशांचें कोरडें ऊन असतां जी गाडी सुरेख गार होते, तीच मुंबईस जूनच्या आरंभीं ३३ अंशांत कण्हूं लागते, आणि मालकाला यंत्र बिघडलें असें वाटतें. वास्तविक मुंबईच्या हवेंतील बाष्पाचें पाणी करण्यांतच यंत्राची पुष्कळ शक्ति खर्च होते. एक लिटर पाणी बाष्पांतून काढण्यासाठीं जितकी उष्णता उचलावी लागते, तितक्या उष्णतेवर बर्फासारखें गार पांच लिटर पाणी उकळीला येईल. म्हणून अमुक इतके अंश उतरलेच पाहिजेत, असा एकच नियम सर्वत्र लावूं नये. दमट दिवशीं गाडीखालीं स्वच्छ पाण्याचें थारोळें सांचतें तें आरोग्याचें लक्षण आहे. तें पाणी गाडीखालीं न पडतां पायाखालच्या गालिच्यांत मुरूं लागलें, तर मात्र त्याची नळी तुंबलेली आहे. आणि तें पाणी रंगीत, चिकट, गोडसर वासाचें असेल, तर तें इंजिनाच्या थंडाईचें द्रव्य आहे. त्याचा या यंत्राशीं संबंध नाहीं, पण दुरुस्तीची निकड अधिक आहे.

एवढें सर्व पाहून झालें तरी गारवा नाहीं, तर आतां गॅसवर संशय घ्यावयास हरकत नाहीं. येथें एक रास्त शंका निघेल : घरचा फ्रिज पंधरा वर्षें एकाच गॅसवर चालतो, मग मोटारीलाच ही रड कां ? फ्रिजचा कॉम्प्रेसर मोटरसकट लोखंडी डब्यांत सांधून बंद केलेला असतो. मोटारींतील कॉम्प्रेसरला इंजिनाच्या पट्ट्यानें फिरवावयाचें असल्यामुळें त्याचा दांडा बाहेर काढावा लागतो, त्याभोंवतीं मऊ सील असते. शिवाय इंजिन हलतें म्हणून कांहीं नळ्या रबरी ठेवाव्या लागतात. त्यांतून वर्षानुवर्षें थोडा थोडा गॅस झिरपणें स्वाभाविक आहे. पांच-सहा वर्षांनीं एकदां भरती लागली तर तक्रार नको. दर उन्हाळ्यास लागत असेल, तर तें गळतें मडकें भरीत बसणें होय. गळती शोधण्यास एक खूण घरींहि दिसते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचें तेल फिरत असतें, त्यामुळें जेथें गळती आहे तेथें तेलकट डाग पडून त्यावर धूळ चिकटलेली असते. नळ्यांचे सांधे व कंडेन्सरच्या कडा इंजिन बंद असतांना बॅटरीच्या उजेडांत पाहाव्या. हिंवाळ्यांतहि पंधरा दिवसांतून एकदां दहा मिनिटें यंत्र चालवावें. सीलला तेल मिळून तें कोरडें पडत नाहीं.

घरचा तपास येथें थांबतो, आणि तो थांबलाच पाहिजे. कोणताहि सांधा सैल करूं नये. उन्हाळ्यांत चालूं यंत्राच्या जोराच्या बाजूस टायरमधील हवेच्या सहा-सात पट दाब असतो. बाहेर उसळलेला द्रव डोळ्यांस लागला तर हिमदंशानें दृष्टि जाऊं शकते. बाजारांत मिळणारे गळतीबंद द्रव्याचे डबेहि ओतूं नयेत, ते पुढें गॅस काढणाऱ्या यंत्रालाहि चोंदवतात. शिवाय हा गॅस हवेंत सोडणें हा केवळ आपल्या खिशाचा प्रश्न नाहीं. पूर्वीं मोटारींत वापरला जाणारा आर-१२ ओझोनच्या थराला छेद देतो, या जातीच्या द्रव्यांविषयींचा इषारा मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं दिला. १९८७ च्या माँट्रियल करारानें त्यांचा वापर आवरता घेण्यांत आला. आर-१३४ए ओझोनला इजा करीत नाहीं, परंतु शंभर वर्षांच्या हिशेबानें तो वजनास वजन कार्बन डायॉक्साइडच्या १४३० पट उष्णता कोंडतो असें मापन आहे. एका गाडींतील सुमारें अर्धा किलो गॅस हवेंत गेला, तर तीनशें लिटर पेट्रोल जाळल्याइतका तो भार होतो.

कारखान्यांत गेल्यावर कोठला आग्रह धरावा ? बॉनेटखालीं एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तींत गॅसची जात व त्याचें ग्रॅममधील वजन छापलेलें असतें. उभ्या गाडीला दाबाचें घड्याळ लावून "दाब ठीक आहे, गॅस ठीक आहे" असें कोणी सांगितलें तर तेवढ्यावर मानूं नये. नळींत थोडासाहि द्रव शिल्लक असेल तोंवर इंजिन बंद असतां तो दाब केवळ हवेच्या तपमानावर ठरतो. गॅस पाव आहे कीं पूर्ण, हें त्यावरून कळत नाहीं. खरी मोजणी वजनाचीच. आधीं उरलेला गॅस यंत्रानें काढून तोलावा, गळती शोधून बुजवावी, मग नळ्यांतील हवा व ओल व्हॅक्यूम पंपानें अर्धा तास खेंचून काढावी, आणि चिठ्ठीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा. अधिक भरल्यास अधिक गार होतें ही समजूत चुकीची आहे. फाजील गॅसनें दाब वाढून गारवा उलट घटतो. किती ग्रॅम निघाला आणि किती ग्रॅम भरला, हे दोन आंकडे पावतीवर लिहून मागावे. ती पावती गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवावी. पुढील वर्षीं तुलना करावयास ती लागेल.