शहरांची वाढ आणि मावळचा हिशेब



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. देशी धंदे बुडत आहेत, विणकर-कारागीर शेतीवर लोटला जात आहे आणि त्यामुळे देश दुबळा होत आहे, ही रानड्यांच्या अर्थविचारातील एक मोठी तक्रार होती. शहरे वाढावीत, कारखाने निघावेत, असे त्यांना मनापासून वाटे. आज चित्र पालटले आहे. 2011 च्या जनगणनेत देशातील 100 माणसांपैकी 31 माणसे शहरांत राहात होती, महाराष्ट्रात 45. मग रानड्यांचा हेतू साधला काय? या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुस्तकात न शोधता आपल्या मावळात शोधणार आहोत.

शहर संपत्ती निर्माण करते, हे प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. माणसे एकत्र आली म्हणजे कामाची वाटणी होते. खेड्यातला लोहार नांगराच्या फाळापासून दाराच्या कडीपर्यंत सारे करतो. पण पिंपरी-चिंचवडमध्ये एकाच जातीचा बोल्ट करणारा कारखाना चालू शकतो, कारण तो बोल्ट घेणारे मोठे कारखाने हाकेच्या अंतरावर असतात. कामगाराला एक मालक सोडून दुसरा गाठता येतो. एकाचे कसब पाहून दुसरा शिकतो. देशाच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग शहरांतून येतो, त्याचे मर्म हेच.

मावळालाही या वाढीचा लाभ झाला. 1863 साली बोरघाटातून रेल्वे चढली आणि लोणावळा-खंडाळ्याचे दैव उघडले. तळेगावी 1908 साली पैसाफंडाचा काचकारखाना निघाला. लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेल्या या कारखान्यात शिकून गेलेल्या माणसांनी पुढे देशात ठिकठिकाणी काचेचा धंदा वाढविला. पुण्याची लोकलगाडी आली, 2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि मावळातल्या मुलाला सकाळी कामावर जाऊन रात्री घरी परतता येऊ लागले. हे सारे जमेच्या बाजूस मांडू.

पण वही एका बाजूने लिहून भागत नाही. खर्चाची बाजू आता पाहू.

पहिली रकम पाण्याची. वळवण, लोणावळा व शिरोता येथील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस सोडून टाटांनी 1915 साली वीज निर्माण केली. पुढे आंध्रा नदी ठोकरवाडीला अडवून 1922 साली भिवपुरीचे वीजघर चालू झाले. जे पाणी एरवी इंद्रायणीतून भीमेकडे गेले असते, ते पश्चिमेकडे वळले आणि मुंबईच्या गिरण्या कोळशाऐवजी विजेवर चालू लागल्या. देशाचा यात मोठा लाभ झाला. परंतु शेजारच्या मुळशी पेट्यात 1921 साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांना सत्याग्रह करावा लागला, तो उगाच नव्हे. वीज दर वर्षी तयार होते, तिचे पैसे दर वर्षी येतात. जमिनीचा मोबदला मात्र एकदाच मिळतो.

पवनेची गोष्ट याहून जवळची. 1972 साली धरण पुरे झाले. त्याच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड वाढले. 2011 साली तेथील वस्ती 17 लाखांवर गेली. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र दशकानुदशके रेंगाळला. नदीऐवजी थेट बंद नळातून पाणी नेण्याचे ठरले, तेव्हा मावळचा शेतकरी रस्त्यावर आला आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर येथे गोळीबारात तीन जीव गेले. शहराला पाणी देऊ नये असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तहानलेला माणूस शहरातला की खेड्यातला, हे विचारायचे नसते. पण ज्याच्या दारावरून पाणी जाते, त्याची संमती आणि वाटा नळ टाकण्याआधी ठरवायला नको काय?

दुसरी रकम जमिनीची. रेल्वे आली, रस्ता झाला, कारखाने आले, म्हणून जमिनीचा भाव चढला. ही वाढ कोणा एकाच्या श्रमाने झालेली नाही. ती साऱ्या समाजाने निर्माण केली आहे. पण तिचा मोठा हिस्सा जातो तो ज्याने जमीन स्वस्तात घेऊन धरून ठेवली त्याला. घाटमाथ्यावर शहरातील पैसा बंगल्यांच्या रूपाने येतो. बंगला दहा महिने बंद. रोजगार काय, तर एका राखणदाराचा! हा पैसा कारखान्यात वा शेतीत गेला असता तर देशाचे उत्पादन वाढले असते; येथे केवळ भाव वाढला. आणि विकणाऱ्याचे काय? गाय विकून चार दिवस पेढे खाता येतात, पाचव्या दिवशी दूध विकत आणावे लागते.

नुसते कारखाने आणले म्हणजे भागले, असेही नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना 2008 साली सुरू झाला आणि 2020 च्या अखेरीस बंद पडला. 2023 साली ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. दूरदेशी झालेल्या निर्णयाने आमच्या गावातली चूल पेटते अथवा विझते, हा धडा विसरता येणार नाही.

मग उपाय काय? हडपसरजवळ मगरपट्ट्यातील शंभरावर शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे 400 एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली, कंपनी स्थापन केली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेऊन तेथे वसाहत उभारली. शेतकरी विक्रेता न होता मालक राहिला. तेथील कुटुंबे बरीचशी एकाच भावकीतील होती आणि जमीन शहराला लागून होती. मावळातल्या तुकड्या-तुकड्यांच्या जमिनींना हा कित्ता जसाच्या तसा गिरवता येणार नाही, हे आम्ही जाणतो. तरी त्यातले तत्त्व घेता येईल. जमीन वा पाणी देणाऱ्यास एकरकमी मोबदल्याखेरीज दर वर्षी उत्पन्नातला वाटा मिळावा. वाढलेल्या भावाचा काही भाग करातून वसूल होऊन त्याच तालुक्यातील शाळा, दवाखाने व कसब शिकविणाऱ्या संस्थांवर खर्च व्हावा. आणि भातखाचरे जपावीत. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 साली दिलेला इंद्रायणी तांदूळ आज शहरातली माणसे आवडीने विकत घेतात. शहर हे शेतीचे गिऱ्हाईकही आहे. पण खाचरच उरले नाही तर गिऱ्हाईक घेऊन काय करायचे?

सज्जनहो, शहर वाढले म्हणजे देश वाढला, हे समीकरण अर्धेच खरे आहे. शहराने परिसरातून जे घेतले, त्यातून परिसराचीही कमाई वाढली तर देश वाढला. नाहीतर एका खिशातले दुसऱ्या खिशात गेले एवढेच. रानड्यांना देशातला माणूस समर्थ व्हायला हवा होता. शहर हे त्याचे साधन होते. मावळातला माणूस आपल्याच डोंगरात राखणदार म्हणून उरणार की भागीदार म्हणून उभा राहणार, याचा निर्णय ग्रामसभांत, नगरपालिकांत आणि आपल्या मतांनी होणार आहे. तो आपण जाणतेपणाने करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.