सहलीला जावे केव्हा?

श्रोतेहो, अंबरनाथ पश्चिमेच्या माणसाला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. पण भर जुलैत आगगाडीने कर्जतचा घाट चढून पुण्याला उतरा; छत्री उगाच आणली, असे पुष्कळदा वाटते. नैर्ऋत्येचे ओले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि लोणावळ्याला वर्षाकाठी चारशे सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पाडतात. पुढे पुण्याच्या वाट्याला जेमतेम पाऊणशे! एका घाटात एवढा फरक, तर सबंध देशाचे काय? चेन्नईला ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाऊ नये, तिथला मोठा पाऊस तेव्हाच. लेह उन्हाळ्यात, जैसलमेर थंडीत.

आता गुरुजींना विनंती. मुलांना श्रावणात धबधब्यावर नेऊ नका. खाली ऊन असले तरी डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा अचानक येतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले. बदलापूरचे कोंडेश्वर डिसेंबरात दाखवा. धार बारीक झालेली असेल; तरी पाण्यात कुणाला उतरू देऊ नका.