गटातून कर्ज काढून कॉम्प्युटर घेताय? आधी पेन ड्राइव्ह लावून पाहा

आजचा विषय ऐकून कोणी रेडिओ बंद करू नका. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण तो येऊन थांबतो आपल्या गटाच्या कर्जवहीवरच.

दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी जोरात सुरू होती. आमच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईनं कर्जाची मागणी मांडली. रक्कम 50 हजार. कारण, पोरीसाठी नवीन लॅपटॉप. ताईची तीन एकर कोरडवाहू. मुलगी यवतमाळला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला, धाकटा मुलगा अकरावीत. घरी कॉम्प्युटर नव्हता असं नाही. दीड वर्षापूर्वी गटातूनच 12 हजार घेऊन त्यांनी कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप आणला होता. ते कर्ज वेळेवर फिटलंही होतं. पण आता मशीन सुरू व्हायलाच दहा-पंधरा मिनिटं घेत होतं. दुकानात नेलं तर उत्तर मिळालं, "यातलं विंडोज 10 संपलं, 11 यात बसत नाही. नवीनच घ्या."

आमच्या गटात व्याज महिन्याला दोन टक्के. 50 हजारांवर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच हजार रुपये. म्हणजे निंदणाची चार-पाच दिवसांची मजुरी व्याजातच जाणार, मुद्दल वेगळंच. आणि पुढे खरिपाचं बियाणं, खत आहेच. आम्ही कर्ज नाकारलं नाही. पण नेहमीचा प्रश्न विचारला : काहून पाहिजे? काम काय आहे? पुढच्या बैठकीला पोरीलाच बोलावलं.

पोरगी आली, सोबत भाऊही आला. पोरगी म्हणाली, "काकू, मशीन खराब नाही. मला पायथॉन, जावा, वेबपेज एवढं शिकायचं आहे. लिनक्स टाकलं तर यातच होईल." भाऊ लगेच म्हणाला, "त्यात गेम चालत नाही!" आणि ताई म्हणाली, "मला तर गटाचा हिशेब मराठीत टाइप करता आला पाहिजे." तीन माणसं, तीन कामं. आम्ही तिन्ही कामं वहीत लिहून घेतली.

आता हे विंडोज आणि लिनक्स म्हणजे काय, ते सांगतो. कॉम्प्युटरचं डबडं म्हणजे नुसतं यंत्र. ते चालवणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही मायक्रोसॉफ्ट कंपनीची. तिचा परवाना विकत घ्यावा लागतो. ताईच्या मशीनमध्ये होतं ते बिनपरवान्याचं होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. दुकानदारानं सांगितलं त्यात तथ्यही होतं. 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 ची नेहमीची देखभाल कंपनीनं थांबवली. मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, पण व्हायरसच्या नव्या वाटा बुजवणं थांबतं. आणि विंडोज 11 ला नवीन प्रोसेसर आणि सुरक्षेची एक खास चिप लागते, ती जुन्या मशीनमध्ये नसते.

लिनक्सचं तसं नाही. 1991 साली फिनलंडमधल्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्यानं त्याची सुरुवात केली आणि आपलं काम सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. आपण कापसाच्या मुलखातल्या बाया, आपल्याला हे बियाण्यावरून चांगलं समजेल. संकरित बियाण्याचं पाकीट दरवर्षी विकत आणावं लागतं. गावरान तुरीचं बी मात्र आपण घरी ठेवतो, शेजारणीला देतो, त्यातून चांगलं निवडतो. लिनक्स हे गावरान बियाण्यासारखं. घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या, जमलं तर सुधारा. यालाच ओपन सोर्स म्हणतात. दुसरीला कॉपी करून दिली म्हणून ती चोरी होत नाही.

"फुकटचं आहे म्हणजे कामाचं नसेल," असं एका काकूंनी म्हटलंच. त्यांना आम्ही सांगितलं, केरळमधल्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्सवरच पोरं शिकतात. आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावात, 2007 साली एकशिक्षकी शाळेतल्या मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप दिले होते, त्यातही लिनक्सच होतं. सीडॅक या आपल्या सरकारी संस्थेनं 2007 सालीच बॉस नावाचं भारतीय लिनक्स काढलं, त्यात मराठीची सोय आहे. आणि आपल्या हातातला अँड्रॉइड मोबाइल आहे ना, त्याच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे.

लिनक्सचे प्रकार मात्र पुष्कळ. डाळ एकच, पण कोणी वरण करते, कोणी आमटी, तसं. पोरीनं चार-पाच नावं आणली. उबुंटू सगळ्यांत माहितीतलं. त्या आफ्रिकन शब्दाचा अर्थ साधारण असा, की आपण सगळे आहोत म्हणून मी आहे. नाव ऐकून बायांना आवडलं, हे तर बचत गटाचंच नाव झालं! पण त्याचा नेहमीचा अवतार आमच्या जुन्या मशीनला जड गेला. फेडोरा चांगलं, पण त्याची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि सव्वा वर्षाच्या आत नवीवर जावंच लागतं. आपल्याकडे इंटरनेटची रड, ते कोण करत बसणार? खेळांसाठीच बनवलेलं बॅझाइटही आहे, पण ते नव्या, ताकदीच्या मशीनसाठी बरं. शेवटी लिनक्स मिंट घ्यायचं ठरलं. ते उबुंटूवरच बेतलेलं आहे, दिसायला जुन्या विंडोजसारखं, म्हणून ताईला परकं वाटलं नाही. त्याला किमान 2 जीबी रॅम लागते, 4 असली तर बरं. आणि मिंट 22 ची देखभाल 2029 पर्यंत मिळणार आहे. मशीन कॉलेज संपेपर्यंत टिकलं पाहिजे, हा आमचा हिशेब होता.

सगळ्यांत महत्त्वाचं आता ऐका. लिनक्स मशीनमध्ये टाकण्याआधी नुसत्या पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतं. आतलं काही पुसलं जात नाही. त्याची फाइल पावणेतीन-तीन जीबीची, रोजच्या दीड जीबीत बसत नाही. म्हणून पोरीनं ती कॉलेजातून उतरवून आणली. ग्रामसंघाच्या खोलीत आम्ही सगळ्या बसलो आणि पेन ड्राइव्ह लावला. पडदा दिसतो का, आवाज येतो का, कीबोर्ड-माउस चालतो का, प्रिंटर निघतो का, एकेक पाहिलं. वायफायचं छोटं यंत्र काही ओळखलं गेलं नाही. मग मोबाइल वायरनं जोडून त्याचं नेट वापरलं, ते लगेच चाललं. प्रिंटर मात्र आधीच तपासा, कारण काही प्रिंटर लिनक्सवर फार त्रास देतात.

टाकताना आमच्याकडूनही घाई होत होती. "सगळं पुसून टाका" हा पर्याय निवडला की जुनं काहीच उरत नाही. बटण दाबण्याआधी ताईला आठवलं, भाचीच्या लग्नाचे फोटो त्यातच आहेत. आधी ते दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढले, मग पुढचं.

दुसरा घोटाळा मराठीचा झाला. गटाची जुनी पत्रं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली. तो फॉन्ट नव्या मशीनमध्ये नाही, त्यामुळे उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. मग ती पत्रं युनिकोडमध्ये बदलून घेतली. आता ताई इनस्क्रिप्ट कीबोर्डनं युनिकोड मराठीच टाइप करते, ते मोबाइलवर पाठवलं तरी नीट वाचता येतं. हिशेबाचे तक्ते लिब्रे ऑफिसमध्ये होतात, तेही फुकट आणि खुलं आहे.

पोरीचं काम तर सोपंच झालं. पायथॉन त्यात आधीपासूनच असतं. जावा आणि कोड लिहायची साधनं एका आज्ञेत उतरतात.

राहिला भाऊ. त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, आणि ते झाकून आम्ही तुम्हाला काही सांगणार नाही. लिनक्सवर खेळ चालतात. स्टीम नावाच्या दुकानातले विंडोजचे पुष्कळ खेळ प्रोटॉन या साधनामुळे 2018 पासून लिनक्सवर चालायला लागले. 2022 साली त्याच कंपनीनं हातात धरून खेळायचं जे यंत्र बाजारात आणलं, ते लिनक्सवरच चालतं. पण व्हॅलोरंट, फोर्टनाइट असे काही खेळ लिनक्सवर चालत नाहीत, कारण खेळातली लबाडी पकडणारी त्यांची यंत्रणा तिथं चालू दिलेली नाही. आणि मोठ्या खेळांना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. ते आमच्या मशीनमध्ये नव्हतं, म्हणजे विंडोज टाकलं असतं तरी ते खेळ अडकलेच असते. हे कळल्यावर पोट्टा दोन दिवस रुसून बसला.

मग बहिणीनं त्याला सुपरटक्सकार्ट हा गाड्यांचा खेळ टाकून दिला, आणि लुआंटी हा ठोकळ्यांनी घरं बांधायचा खेळ. दोन्ही खुले आणि फुकट. त्यात पैसे भरायला लावणारं काही नाही, हे ताईला जास्त आवडलं. लुआंटीमध्ये आपण स्वतः नवीन ठोकळा बनवू शकतो. दोघा भावंडांनी मिळून कापसाच्या गाठोड्याचा ठोकळा केला. सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं त्या निमित्तानं पहिल्यांदा कोडच्या चार ओळी लिहिल्या.

आता कर्जवहीकडे येऊ. मशीनमध्ये जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम 4 ची 8 जीबी केली. दोन्ही मिळून, बसवण्याच्या मजुरीसकट, खर्च 4 हजारांच्या आत. ताईनं मागितले होते 50 हजार, घेतले 4 हजार. मशीन आता मिनिटभरात सुरू होतं.

याचा अर्थ लिनक्स सगळ्यांनाच लागू पडेल असं नाही. दुसऱ्या एका गटातल्या ताईचा मुलगा टॅली शिकतो. टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे, म्हणून त्याला आम्ही विंडोजच ठेवा म्हटलं. टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर आधी संस्थेत विचारा, तिथं कशावर परीक्षा होते.

म्हणून आमच्या गटात आता कॉम्प्युटरसाठी कर्ज मागितलं की पाच प्रश्न विचारायचे ठरलं आहे. गटाची पंचसूत्री असते ना, तशीच ही. पहिला, काम कोणतं आहे, ते पोराकडून लिहून आणा. दुसरा, त्या कामाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का? तिसरा, मशीनची रॅम किती, डिस्क कोणती? चौथा, पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिलं का? पाचवा, अडलं तर गावात किंवा कॉलेजात मदत कोण करणार? या पाचव्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर थांबा, कारण माहीतगार माणूस जवळ नसला की चांगलं मशीनही धूळ खात पडतं.

शिकण्यासाठी आयआयटी मुंबईत सुरू झालेला स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प आहे. लिनक्स, लिब्रे ऑफिस, पायथॉन अशा खुल्या सॉफ्टवेअरचे छोटे धडे त्यात फुकट मिळतात, बरेच मराठीतही आहेत. मोबाइलवर पाहत पाहत कॉम्प्युटरवर करता येतं.

आमच्याकडे मिंटचा तो पेन ड्राइव्ह आता ग्रामसंघाच्या कपाटात असतो, शिक्क्याच्या डब्याशेजारी. ज्यांना जुन्या मशीनवर लावून पाहायचा असेल, त्यांनी वहीत सही करावी आणि घेऊन जावा. तुमच्या ग्रामसंघातही असा एक ठेवा. आमची ती पोरगी दर दुसऱ्या रविवारी खोलीवर येऊन बसते, इतर पोरींना शिकवायला. या महिन्यात चार पोरी आल्या होत्या.

येत्या बैठकीत हा विषय काढून पाहा, आणि काय ठरलं ते आम्हाला नक्की कळवा.