कुपीत काय आहे, हे विचारू या
(स्त्री-आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)



पाळीत फार जातं असं बाईनं सांगितलं की आपल्याकडे उत्तरं ठरलेली असतात. 'बाईच्या जातीला हे असायचंच.' 'तुझ्या आईलाही असंच होतं ना?' आणि चाळिशीला आली असेल तर 'पिशवी काढून टाका.' मला आज यातल्या दुसऱ्या उत्तराबद्दल बोलायचं आहे. आईला तसं होतं, मावशीला होतं, लेकीलाही होतंय, म्हणजे काळजीचं कारण नाही असं आपण धरून चालतो. खरं तर अशी ओळ दिसली की पहिली शंका आनुवंशिक आजाराची यायला हवी.

हा आजार ओळखला गेला तोच एका मुलीमुळे. फिनलंडच्या ऑलंड बेटांवरची ही पाच वर्षांची मुलगी १९२४ साली हेलसिंकीत डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे आली. तिच्या घराण्यातल्या ६६ जणांची माहिती त्यांनी गोळा केली. त्यातल्या २३ जणांना रक्तस्रावाचा त्रास होता आणि त्यात बायकांची संख्या जास्त होती. हिमोफिलिया हा पुरुषांचा आजार समजला जायचा, म्हणून हा काहीतरी वेगळा आजार आहे असं त्यांनी १९२६ साली लिहिलं. ती मुलगी तेराव्या वर्षी गेली. तिची ती चौथी पाळी होती.

आज या आजाराला फॉन विलेब्रांड आजार म्हणतात. रक्त गोठण्याच्या आनुवंशिक आजारांमध्ये हा सर्वांत जास्त आढळतो आणि मुलगा-मुलगी दोघांनाही होतो. आपल्या रक्तद्रवात फॉन विलेब्रांड घटक नावाचं एक प्रथिन असतं. ते दोन कामं करतं. रक्तवाहिनीला इजा झाली की बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेट्सना, त्या जागी चिकटवून धरतं. दुसरं, फॅक्टर आठ नावाच्या घटकाला सांभाळून रक्तात फिरवतं. ते नसेल तर फॅक्टर आठही फार काळ टिकत नाही. हिमोफिलिया 'ए'मध्ये फक्त फॅक्टर आठ कमी असतो. फॉन विलेब्रांड आजारात मुळात सांभाळणाराच कमी असतो किंवा सदोष असतो.

हे समजायला तीस वर्षं लागली. १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये इंगा मारी निल्सन आणि मार्गारेटा ब्लोम्बेक या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर रक्तद्रवापासून एक औषध तयार केलं. ते दिलं की फॉन विलेब्रांडच्या रुग्णांचा रक्तस्राव आटोक्यात यायचा. मग त्यांनी तेच औषध हिमोफिलिया असलेल्यांच्या रक्तद्रवापासून बनवून पाहिलं. त्यात फॅक्टर आठ जवळजवळ नव्हता, तरीही उपयोग झाला! म्हणजे या रुग्णांना जे हवं होतं ते फॅक्टर आठपेक्षा वेगळं होतं.

पुढे १९६४ साली अमेरिकेत ज्युडिथ पूल यांना आढळलं, की गोठवलेलं रक्तद्रव थंडीतच हळूहळू वितळवलं तर तळाशी साका राहतो आणि त्यात हे दोन्ही घटक भरपूर असतात. हेच क्रायोप्रेसिपिटेट. साध्या रक्तपेढीतही ते करता येतं. पण त्यातले विषाणू मारलेले नसतात. १९८०च्या दशकात रक्तापासून केलेल्या औषधांतून एचआयव्ही आणि काविळीचे विषाणू हजारो रुग्णांच्या शरीरात गेले. त्यानंतर विषाणू नष्ट केलेली, अधिकाधिक 'शुद्ध' औषधं कुप्यांमधून येऊ लागली.

आता हा 'शुद्ध' शब्द जरा तपासून पाहू. शुद्ध कोणासाठी? हिमोफिलियाच्या रुग्णाला फक्त फॅक्टर आठ हवा असतो. त्या हिशेबानं बाकी सगळा गाळ. त्यामुळे सर्वांत शुद्ध कुपीतून फॉन विलेब्रांड घटक जवळजवळ सगळा काढून टाकलेला असतो, आणि प्रयोगशाळेत जनुक-तंत्रानं तयार केलेल्या फॅक्टर आठमध्ये तो नसतोच. अशी कुपी आपल्या बाईला दिली तर फॅक्टर आठ काही तासांतच उतरतो आणि बिंबिका काही चिकटत नाहीत. कुपीवर लिहिलेला आकडा खरा असतो, पण तो तिच्या आजाराचा आकडा नसतो.

म्हणून कुप्यांची तुलना करताना प्रयोगशाळेत निदान तीन गोष्टी पाहतात. फॉन विलेब्रांड घटक किती आहे, ही पहिली. तो काम किती करतो, ही दुसरी. त्यासाठी रिस्टोसेटिन नावाचं द्रव्य वापरतात. हे मूळचं प्रतिजैविक. त्यानं रुग्णांच्या बिंबिका कमी व्हायला लागल्या म्हणून ते बाजारातून काढून घेतलं. तेच दुष्परिणाम देणारं द्रव्य पुढे चाचणीच्या कामी आलं. घटक धड असेल तर रिस्टोसेटिन घातल्यावर बिंबिकांचे पुंजके होतात, नसेल तर होत नाहीत. तिसरी गोष्ट, साखळ्यांची लांबी. हा घटक लहानमोठ्या साखळ्यांच्या रूपात असतो आणि सर्वांत लांब साखळ्याच बिंबिकांना उत्तम धरतात. औषध तयार करताना नेमक्या त्याच तुटतात किंवा गळून जातात.

१९९२ साली इटलीतल्या डॉक्टरांनी विषाणू नष्ट केलेली चार औषधं तीव्र आजाराच्या दहा रुग्णांना आळीपाळीनं देऊन पाहिली. चारही औषधांनी फॅक्टर आठ छान वाढवला. पण एकाही औषधातल्या साखळ्या पूर्ण शाबूत नव्हत्या आणि रक्त थांबायला लागणारा वेळ एकाही औषधानं सर्वांमध्ये टिकाऊपणे सुधारला नाही. केवळ फॅक्टर आठ मोजला असता तर चारही औषधं पैकीच्या पैकी गुण घेऊन पास झाली असती! २०१५ साली अमेरिकेत जनुक-तंत्रानं बनवलेल्या फॉन विलेब्रांड घटकाला मान्यता मिळाली. त्यात लांब साखळ्या शाबूत असतात.

म्हणजे आता प्रश्न सुटला? तसं नाही. प्रयोगशाळा कुपीतलं आणि नळीतलं रक्त मोजते. बाईच्या अंगावरून किती जातं, ते वेगळं मोजावं लागतं. २०२३ साली अमेरिकेतून एका चाचणीचे निष्कर्ष आले. आजार सौम्य किंवा मध्यम असलेल्या, पाळीत फार रक्त जाणाऱ्या ३६ जणींना हे नवं महागडं इंजेक्शन आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, असं दोन्ही आळीपाळीनं दिलं. इंजेक्शन सरस ठरलं नाही. उलट गोळ्यांवर रक्त कमी गेलं. पुरेशा स्त्रिया न मिळाल्यानं ही चाचणी लवकर थांबवावी लागली, तेव्हा हा शेवटचा शब्द नव्हे. शिवाय शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा तीव्र आजार असेल तेव्हा कुपी लागतेच. पण ही गोळी स्वस्त आहे आणि आपल्याकडे मिळते. १९६२ साली ती जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी शोधली. बाळंतपणातल्या रक्तस्रावानं बायका मरू नयेत, ही उताकोबाईंची तळमळ होती. मात्र गोळी मनानं घेऊ नका. पूर्वी रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती धोक्याची ठरू शकते.

आपल्याकडचा कायदाही पाहा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे. त्याची व्याख्या सांगते, की हा आजार बहुधा फक्त पुरुषांना होतो आणि बायका तो मुलग्यांना देतात. बाई म्हणजे आजार पोचवणारी! तिचं स्वतःचं रक्त जातं, याचा तिथे उल्लेख नाही. आणि फॉन विलेब्रांड हे नाव तर त्या यादीत नाहीच.

मग आपण काय करायचं? आधी मोजायला शिकायचं. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का? तासाभरात पॅड भिजतं का? रात्री बदलायला उठावं लागतं का? रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी जातात का? दात काढल्यावर, बाळंतपणात रक्त थांबेना असं झालं होतं का? हे सगळं लिहून ठेवा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. बिंबिकांची संख्या आणि गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या ठीक आल्या तरी हा आजार असू शकतो. फॉन विलेब्रांड घटकाची चाचणी वेगळी मागावी लागते. गरोदरपणात आणि ताणात हा घटक वाढतो, म्हणून एकदा चाचणी ठीक आली तरी ती पुन्हा करावी लागू शकते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या आजारांची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे या आजारांवर काम चालतं. तोवर पोटदुखीसाठी ॲस्पिरिन घेऊ नका, त्यानं रक्त जास्त जातं.

आणि कोणी फॅक्टरची कुपी पुढे केली तर दोन प्रश्न जरूर विचारा. यात फॉन विलेब्रांड घटक आहे का? किती आहे? पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर त्याआधी एक तिसरा प्रश्न विचारा: माझ्या रक्ताची ही तपासणी झाली आहे का?