अतिवेगाचे चलन : दंड भरावा की दाद मागावी?

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

रस्ते सुधारले की वाहनांचा वेग वाढतो आणि वेग वाढला की त्यावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणाही उभी करावी लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णत्वास गेला. अशा मार्गांवर आता हात दाखवून गाडी थांबविणारा शिपाई क्वचितच भेटतो. कॅमेरा वेग मोजतो, वाहनाचा क्रमांक टिपतो आणि वाहनमालकाच्या भ्रमणध्वनीवर चलनाचा संदेश येतो. संदेश वाचताच घरात पहिला प्रश्न निघतो तो हा, की मुकाट्याने पैसे भरून मोकळे व्हावे की वकील देऊन न्यायालयात जावे? या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. परंतु ते कोणत्या क्रमाने शोधावे, हे मात्र सांगता येते.

वेगमर्यादा कशासाठी?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वेगमर्यादा ही महसूल गोळा करण्याची युक्ती नव्हे. वाहनाचा वेग ताशी ८० वरून १०० किलोमीटर झाला, तर तो केवळ सव्वापट होतो. ब्रेक लावल्यानंतर वाहन थांबण्यास लागणारे अंतर मात्र दीडपटीहून अधिक होते. शाळेसमोरून रस्ता ओलांडणारे मूल वाचते की नाही, हे या अंतरावर ठरते. म्हणून ज्याने मर्यादा खरोखरीच ओलांडली आहे, त्याने पळवाट शोधण्यासाठी वकिलाचे दार ठोठावणे उचित नाही. दाद मागावयाची ती चलन चुकीचे असेल तर, किंवा त्याचा परिणाम दंडापुरता मर्यादित नसेल तर.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ अन्वये वेगमर्यादा ठरविली जाते व कलम १८३ अन्वये अतिवेगाबद्दल शिक्षा होते. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार हलक्या वाहनासाठी १००० ते २००० रुपये आणि मध्यम वा जड प्रवासी अथवा मालवाहू वाहनासाठी २००० ते ४००० रुपये दंडाची तरतूद करण्यात आली. दुसऱ्या व त्यापुढील अपराधास चालकाची अनुज्ञप्ती, म्हणजे लायसन, अटकावून ठेवण्याचीही तरतूद आहे. ज्याचे पोट स्टिअरिंगवर आहे, त्याच्या दृष्टीने खरा धोका दोन हजारांच्या दंडात नसून लायसन जाण्यात आहे.

याच कलमात नागरिकास संरक्षणही दिलेले आहे. एका साक्षीदाराला गाडी वेगात वाटली, एवढ्यावरून कोणालाही दोषी ठरविता येत नाही; तो अंदाज यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक साधनाने घेतलेल्या मोजणीवर आधारलेला असावा लागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७ अ घालण्यात आला. त्यानुसार वेगमापक साधन अचूक असल्याचे प्रमाणपत्र असावे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, कॅमेरा असल्याची सूचना देणारा फलक वाहनचालकास आधी दिसावा आणि चलनासोबत छायाचित्र, साधनाने मोजलेला वेग, तारीख, वेळ व ठिकाण द्यावे, असे ठरले. घटनेपासून पंधरा दिवसांत नोटीस पाठविण्याची तरतूदही त्याच नियमाने केली. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागते, त्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

वकिलाआधी चलन वाचावे

चलन हाती येताच प्रथम ते नीट वाचावे. छायाचित्रातील वाहन आपलेच आहे काय? क्रमांकातील एखादे अक्षर चुकीचे वाचले गेले आहे काय? मोटारसायकलच्या क्रमांकावर ट्रकचे छायाचित्र तर नाही? त्या वेळी वाहन अन्यत्र असल्यास टोलची पावती, इंधनाची पावती, मालाची बिल्टी किंवा दुरुस्तीचे बिल हा उत्तम पुरावा होय. आपल्या क्रमांकाची बनावट पाटी दुसऱ्याने लावल्याचा संशय असेल, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी.

अशा उघड चुकीसाठी वकिलाची गरज सहसा पडत नाही. वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर छायाचित्र पाहता येते व तक्रारही नोंदविता येते. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा आणि चलनावर दिलेली मुदत चुकवू नये. वाहन दुसरा कोणी चालवीत असेल, तर कलम १३३ अन्वये चालकाची माहिती देणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. दुसऱ्याचा अपराध आपल्या नावावर घेणे हे सौजन्य नव्हे. पुढे तो आपला पहिला अपराध म्हणून मोजला जाऊ शकतो.

खर्चाचा आणि परिणामांचा हिशेब

समजा, बार्शीच्या एका टेम्पोचालकास द्रुतगती मार्गावर रायगड जिल्ह्याच्या हद्दीत चलन झाले. दाद मागावयाची तर प्रकरण सामान्यतः तेथील न्यायालयात चालणार. वकिलाची फी, प्रवास, राहण्याचा खर्च आणि प्रत्येक तारखेस बुडणारे भाडे यांची बेरीज दंडाच्या कितीतरी पट होईल. चलन खरे असेल व अपराध पहिलाच असेल, तर दंड भरणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

तथापि, याच चालकाचा हा दुसरा अपराध असेल तर हिशेब बदलतो. कलम २०० अन्वये तडजोडीची रक्कम भरली की खटला संपतो. परंतु २०१९ च्या दुरुस्तीनुसार लायसनविषयीच्या कारवाईतून त्यामुळे सुटका होत नाही. पैसे भरले म्हणजे सर्व मिटले, ही समजूत येथे महागात पडते. साधनाचे प्रमाणपत्र नाही, फलक लावलेला नाही किंवा नोंदविलेल्या वेगाविषयी सबळ शंका आहे, असे असल्यास वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. साक्षीदाराची उलटतपासणी आणि तांत्रिक कागदपत्रांची मागणी ही जाणकाराची कामे होत. लायसन निलंबित करण्यापूर्वी चालकास आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते; ती संधी लेखी उत्तर देऊन वापरावी.

अपघात झालेला असेल तर मात्र क्षणाचाही विलंब नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली हयगयीने वाहन चालविल्याचा, किंवा मृत्यू घडल्यास त्याहून गंभीर कलमाचा गुन्हा नोंदला जाऊ शकतो. अशा वेळी वकिलास विचारल्याखेरीज अतिवेगाची कबुली लिहून देऊ नये.

आजारी माणसास रुग्णालयात नेताना वेग वाढला, अशी अडचण पुष्कळदा सांगितली जाते. खासगी वाहनास अशी सूट आपोआप मिळत नाही. परंतु रुग्णालयाच्या कागदपत्रांसह ही परिस्थिती न्यायालयापुढे मांडता येते.

कमी खर्चाचे मार्ग

न्यायालयात स्वतः उभे राहून आपली बाजू मांडण्यास कोणतीही आडकाठी नाही. वाहतुकीच्या चलनांसाठी आभासी न्यायालयांचीही सोय झाली असून महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तिचा प्रारंभ झाला. तेथे दंड घरबसल्या भरता येतो. मात्र आरोप अमान्य केल्यास प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जाते. लोकअदालतीतही अशी प्रकरणे घेतली जातात. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून तेथे संमती देण्यापूर्वी विचार करावा. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांच्यासाठी विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये मोफत साहाय्य आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक त्यास पात्र आहेत. त्यासाठी तालुका विधि सेवा समितीकडे साधा अर्ज करावा.

गावाने काय करावे?

कलम ११२ नुसार एखाद्या रस्त्यावर विशेष मर्यादा घालावयाची तर योग्य ठिकाणी फलक लावणे आवश्यक आहे. गावाजवळचा फलक बाभळीच्या फांदीआड गेला असेल किंवा त्यावर जाहिरात चिकटवलेली असेल, तर ग्रामपंचायतीने संबंधित बांधकाम विभागास लेखी कळवावे. फलक स्पष्ट दिसला तर चलनेही घटतील आणि अपघातही. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांस वेग व थांबण्याचे अंतर यांचे गणित फळ्यावर मांडून दाखवावे. अधिकाऱ्यांनी तक्रारदाराच्या अर्जास वेळेवर उत्तर द्यावे, कारण चुकीचे चलन रद्द होते हे लोकांना दिसले म्हणजे योग्य चलनाविषयी कुरकुर उरत नाही.

सारांश, चलन खरे आणि परिणाम लहान असेल तर दंड भरून वेग आवरावा. चलन चुकीचे असेल तर पुराव्यानिशी तक्रार करावी. आणि लायसन, रोजी किंवा कोणाच्या प्राणाचा प्रश्न असेल तेव्हा वकिलाची फी हा वायफळ खर्च समजू नये. कायद्याचा धाक अपराध्यास वाटावा आणि निरपराध्यास त्याचा आधार वाटावा, यातच कायद्याचे यश आहे.